उरलेले 25 एमएम शेवटच्या पायरीत ढकलायचे का?

नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं. मुलीची बारावी झाली, मार्क बेताचे आले, मग लवकर नोकरी लागावी म्हणून तुम्ही तिला कॅडच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या, कोर्सला घातलंत. बॅचमधल्या बाकीच्यांनी जिन्याच्या एलेव्हेशनची (समोरून दिसणाऱ्या ड्रॉइंगची) शीट एका दिवसात देऊन टाकली आणि ही चौथ्या दिवशीही त्याच जिन्यावर अडकलीय. मजल्याची उंची 3000 एमएम, हिने पायरी 175 ची धरली, 17 पायऱ्या झाल्या आणि वर 25 एमएम उरले. सर म्हणाले शेवटच्या पायरीत ढकलून दे, कोणाला दिसतंय, पण ही ऐकत नाही. रोज संध्याकाळी तुम्ही तिच्या मागे खुर्ची टाकून बसता, आणि रविवारपर्यंत शीट झाली नाही तर लॅपटॉप बंद असंही सांगून झालंय. आता विचारताय की मुलगी स्लो आहे का आणि कोर्स बदलू का.

मुलगी स्लो नाहीये. सर चुकलेत आणि ती बरोबर आहे, हे तिला आजच सांगा, तुमच्या तोंडून. जिना चढताना आपण पायऱ्यांकडे बघत नाही, पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत पायाला उंची कळते आणि पुढे तो आपोआप तेवढाच उचलला जातो, मग 175 च्या सवयीने चढणाऱ्या माणसाला वर एकच पायरी 200 ची आली की तो ठेचकाळणारच, आणि उतरताना तर आणखी वाईट. अख्ख्या वर्गाला जे खटकलं नाही ते हिला खटकलं, आणि ती गोष्ट तुम्ही मला तक्रार म्हणून कळवलीत.

मला खरी काळजी वाटते ती त्या खुर्चीची. पत्रभर "आम्ही ठरवलं", "आम्ही घातलं" आहे, "ती म्हणते" फक्त एकदा आणि तेही ती ऐकत नाही हे सांगायला. तुमची धास्ती मला कळते, पोरीचं लवकर मार्गी लागावं असं कोणाला वाटत नाही? पण कोणीतरी पाठीमागे बसून घड्याळ बघत असताना माणूस एकच गोष्ट शिकतो, लवकर उरकायची. थोड्या दिवसांत तीही उरलेलं शेवटच्या पायरीत ढकलायला लागेल, आणि तेव्हा तुम्हाला वाटेल चला, सुधारली.

तुमचा एक गैरसमज मात्र काढायलाच हवा. तुम्ही लिहिलंय की "जिना तर सॉफ्टवेअरच काढतं, हिला फक्त कमांड पाठ करायच्यात." ऑटोकॅड 1982 साली आलं आणि त्याने हाताने शाई ओढायचं काम घेतलं, हिशोब तुमच्याकडेच राहिला. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरला खालची-वरची लेव्हल दिली की ते पायऱ्या वाटून देतं हे खरं, पण ती लेव्हल स्लॅबची आहे की लादी बसल्यानंतरची, हे देणाऱ्यालाच माहीत पाहिजे. समजा स्लॅब ते स्लॅब सगळ्या पायऱ्या सारख्या पाडल्या, आणि मग मजल्यांवर लादी वगैरे धरून 50 एमएमचं फिनिश आलं, पायऱ्यांवर 20 चं. झालं, पहिली पायरी 30 ने बुटकी आणि शेवटची 30 ने उंच. स्क्रीनवर चूक दिसत नाही आणि साइटवर तोडफोड करायची वेळ येते. नुसत्या कमांड येणारी माणसं भरपूर मिळतात, ही गडबड आधीच पकडणारी फार कमी.

आता मुलीसाठी, तिलाच वाचायला द्या.

तुझी गाडी अडली कारण तू आधी पायरीची उंची धरलीस. आधी संख्या धर. 3000 ला 18 ने भाग, 166.67 येतं, पण हा आकडा टाइप करून कॉपी करत बसू नकोस आणि 167 तर अजिबात करू नकोस, 18 पायऱ्यांत परत 6 एमएमचा घोळ होईल. 3000 ची उभी रेषा काढ आणि डिव्हाइड कमांडने तिचे 18 भाग कर. पॉइंट दिसले नाहीत तर पॉइंट स्टाइल बदल, डीफॉल्ट ठिपका रेषेवर दिसतच नाही आणि पोरं समजतात कमांड चालली नाही. सरळ एका दमाचा जिना असेल तर राइजर (पायरीची उभी बाजू) 18 पण ट्रेड (पाय ठेवायची आडवी बाजू) 17, कारण शेवटचा ट्रेड म्हणजे वरचा मजलाच. मग ट्रेड बघ: दोन राइजर अधिक एक ट्रेड ही बेरीज साधारण 600 ते 640 मध्ये बसली की चालायला बरं पडतं, ट्रेड 280 घेतलास तर साधारण 613 येते. आणि 3000 हे फिनिश ते फिनिश आहे का, हे सरांना विचारून घे.

कोर्स बदलू नका, आहे तो पूर्ण होऊ द्या. पुढे आर्किटेक्चरची एंट्रन्स, सिव्हिलचा डिप्लोमा, ड्राफ्ट्समनचा कोर्स हे रस्ते आहेतच, त्यांची माहिती कुठेही मिळेल. जिने आणि रेलिंग बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे शॉप ड्रॉइंग, म्हणजे ज्यावरून वर्कशॉपमध्ये वस्तू बनते ती ड्रॉइंग, करणारी माणसं लागतात, हे मात्र पालकांच्या यादीत कधीच नसतं. तिथे एकेक एमएम मोजणारी पोरगी कोणाला स्लो वाटणार नाही. पण ती तिकडे जाईल की आर्किटेक्चरला की तिला तिसरंच काही करायचंय, ते तिला विचारा आणि उत्तर द्यायला चार-सहा महिने द्या. रविवारची मुदत काढून टाका, खुर्ची पण हलवा.

आणि मुली, पुढची शीट बहुतेक गोल जिन्याची असेल. त्याच्या एलेव्हेशनमध्ये रेलिंग सरळ तिरकी येत नाही, साइन कर्व्हसारखी लाट येते. प्लॅनमधल्या गोलावरून एकेक पॉइंट वर प्रोजेक्ट करून काढ, अंदाजाने स्प्लाइन (वळणदार रेषा) ओढू नकोस. अडलीस तर मला तूच लिही, बाबांना लिहायला लावू नकोस.