जमीन विकता येत नाही, तरी पायाखालून कशी जाते?

प्रश्न : आमच्या रायगड जिल्ह्यात फार्महाऊस आणि गृहप्रकल्प झपाट्याने वाढत आहेत. आदिवासींची जमीन बिगरआदिवासींना सहजासहजी घेता येत नाही, असा कायदा आहे. मग शहर वाढल्याने आदिवासींचे नुकसान होते, असे का म्हणतात? उलट त्यांना जवळच काम मिळत नाही का? – एक वाचक

उत्तर : कायदा कडक आहे, हे आपले म्हणणे खरे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ नुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला विकायची झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि तीही राज्य शासनाच्या पूर्वमान्यतेने. परंतु हे संरक्षण ज्याचे नाव सातबारावर आहे त्याला मिळते. रायगडमधील कातकरी या आदिवासी जमातीच्या कितीतरी वाड्या मात्र पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. माळरानाला मोल नव्हते तोवर वाडीची कोणाला अडचण नव्हती. जमीन विकली गेली की नवा मालक आधी तारेचे कुंपण घालतो, आणि खेकडे-मासळीसाठी ओढ्यावर जाण्याची पायवाट, सरपण गोळा करण्याची जागा, कधी कधी तर वाडीची दफनभूमीही त्या कुंपणाच्या आत जाते. खरेदीखतात या माणसांचा उल्लेखच नसतो, त्यामुळे नुकसानभरपाईचा विषयही निघत नाही. मला हीच बाब सर्वांत गंभीर वाटते.

ज्यांच्या नावावर जमीन होती, त्यांच्या बाबतीत जमिनीचा वापर बदलणे निर्णायक ठरले. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी राज्याने 1974 चा कायदा केला, पण 6 जुलै 1974 पर्यंत ज्या जमिनीचा अकृषिक वापर सुरू झाला होता, ती त्यातून वगळली गेली. म्हणजे शेत शेतच राहिले असेल तर परत मिळण्याची आशा होती. त्यावर इमारत किंवा कारखाना उभा राहिला असेल तर तीही उरली नाही.

कामाविषयी म्हणाल, तर बांधकामे वाढली की विटांची मागणी वाढते. कातकरी कुटुंब पावसाळ्यात, घरात धान्य नसताना, भट्टीमालकाकडून उचल घेते, दिवाळीनंतर मुलाबाळांसह भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परतते. मधल्या काळात मुलांची शाळा सुटते. हंगामाअखेरीच्या हिशेबात उचल फिटली नाही, तर ती पुढच्या वर्षावर चढते. उचलीपोटी माणसाला दुसरीकडे कामाला जाण्यास मज्जाव करणे ही 1976 च्या कायद्याने बंदी घातलेली वेठबिगारीच आहे; त्याला रोजगार म्हणणे मला मान्य नाही.

रायगड अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे राज्यघटनेनुसार आदिवासींसाठी विशेष तरतुदी असलेल्या भागात, येत नाही, त्यामुळे तेथे पेसा, म्हणजे अशा भागातील पंचायतींसाठीचा कायदा, लागू नाही. पण त्या क्षेत्रात असूनही शहर वाढले की हे संरक्षण जाते. पालघरमधील मोखाडा, विक्रमगड यांसारखी गावे त्या क्षेत्रात असूनही तेथे नगरपंचायत झाली आणि 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार त्या हद्दीपुरते संपले, कारण तो कायदा पंचायतींनाच लागू आहे आणि नगरपालिका क्षेत्रांसाठी तसा कायदा संसदेने अद्याप केलेला नाही.

आपल्या गावालगत अशी वाडी असल्यास तेथील घरांची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, आहे का, हे जमिनीचा व्यवहार होण्याआधीच पाहावे. त्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, पण तेथे कोण आणि किती वर्षांपासून राहत आहे, हे निदान कागदावर येते.