वाचकांचे प्रश्न: घुमट, माटोळी, काव आणि कुंडले

गोव्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की या सदराकडे येणारी निम्मी पत्रे पावसाचीच असतात. कातडे ढिले पडले, बांबूतून पीठ गळते, भिंतीला पोपडे आले. जुने कारागीर हे सगळे धरूनच काम करत. माती कधी खणायची, बांबू कधी तोडायचा, चुना कधी लावायचा हे त्यांचे पंचांग पावसाभोवती बांधलेले होते. आपण वस्तू घेतली, पंचांग मात्र विसरलो. या वेळी निवडलेले प्रश्न त्याच अंगाने आहेत.

प्रश्न: आमचे घुमट (मडक्याच्या तोंडावर कातडे ताणलेले वाद्य) मे महिन्यात खणखणीत वाजते, पण ऐन चवथीच्या आरतीला नुसता ‘धप्प’ आवाज येतो. शेगडीजवळ धरले की थोडा वेळ बरे, मग पुन्हा तेच. कातडे बदलावे का? घरातले वडीलधारे म्हणतात, घोरपडीच्या कातड्याशिवाय घुमट नाही. (फोंडा)

उत्तर: आधी घोरपडीचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणे आणि तिच्या कातड्याचा व्यवहार करणे, दोन्ही गुन्हे. कोणी ‘आणून देतो’ म्हणाले तरी घेऊ नका. 2019 मध्ये घुमट गोव्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर झाले आणि आज आरतीत जी घुमटे वाजतात ती बहुतेक बकऱ्याच्या कातड्याचीच. घोरपडीचे कातडे पातळ आणि चिवट, त्यामुळे नाद चढा, हे वडीलधाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. पण बकऱ्याच्या जाड कातड्याला नावे ठेवण्याआधी करडाचे पातळ कातडे लावून बघा. निम्मा फरक तिथेच मिटतो.

आता ‘धप्प’ का होते ते. कातडे हवेतली ओल शोषते, फुगते आणि ताण सोडते. भाद्रपदात आपल्याकडे हवा ओलीचिंब असते, म्हणजे वाद्याचा सण आणि वाद्याचा शत्रू एकाच महिन्यात येतात. कातडे फाटलेले, कडेला कुजलेले किंवा मधोमध चकाकून पातळ झालेले नसेल तर बदलू नका, नुसते सुकवा. शेगडीला टेकवू नका. एक वीतभर अंतर ठेवून घुमट हळूहळू फिरवत राहा. एकाच जागी ऊब लागली की तिथले कातडे कडक होते, बाजूचे सैल राहते आणि आवाज चिरकतो. तेल तर अजिबात लावू नका. कातडे जड होते आणि नाद बसतो. आरती लांबणार असेल तर दोन घुमटे ठेवा, एक वाजते तोवर दुसरे उबेला.

बदलायचेच असेल तर असे करा. मडके बोटाने टिचकावून बघा. खणखण वाजले पाहिजे. भद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे, त्यावर कातडे चढवण्यात अर्थ नाही. मोठ्या तोंडाच्या काठावर खरखरीत कंगोरा असेल तर दगडाने किंवा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, नाहीतर कातडे तिथेच कापले जाते. कातडे कमावलेले नको, कच्चे हवे: केस काढलेले, मिठाचा अंश धुऊन गेलेले. कमावलेले चामडे मऊ राहते, वाळताना आवळत नाही. तोंडाच्या व्यासापेक्षा चारही बाजूंनी दोन-अडीच इंच जास्त असा गोल कापा आणि साध्या पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी निथळून काठावर पसरा, काठाखाली सुती दोरीचे तीन-चार वेढे सैलसर घ्या आणि मग ताणायला लागा: आधी समोरासमोरच्या दोन बाजू, मग त्यांच्या काटकोनात उरलेल्या दोन, मग मधल्या. एका बाजूने गोल गोल ताणत गेलात तर शेवटी सुरकुती उरतेच.

इथे सगळ्यांची एक चूक होते. ओले असतानाच वाजेल इतके घट्ट ताणतात. कच्चे कातडे वाळताना स्वतःच आवळते; जास्त ताणले असेल तर रात्रीत फाटते, क्वचित मडक्याचा काठही उडतो. ओलेपणी बोटाने दाबल्यावर किंचित दबेल इतकाच ताण ठेवा. दोन दिवस सावलीत, मग तासभर कोवळ्या उन्हात. हे काम एप्रिल-मेमध्ये उरका. श्रावणात बसवलेले कातडे वाळण्याआधी वास मारू लागते. मागचे लहान तोंड मोकळेच ठेवायचे असते, हे वेगळे सांगायला नको; डाव्या हाताच्या तळव्याने ते झाकत-उघडत नाद वर-खाली करायचा असतो.

प्रश्न: पेडणे तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या देवघराबाहेर तांबड्या-पांढऱ्या नक्षीची भिंत आहे. खालचा भाग झडला आहे. रंगारी म्हणतो, सिमेंटने भरून प्लास्टिक पेंटने नक्षी काढून देतो. करू द्यावे का?

उत्तर: नको. आधी एक तपासणी करा. झडलेल्या कडेला चाकूच्या टोकाने हलके खरवडा. तांबड्याखाली पांढरा चुना दिसला आणि तांबडा थर नखाएवढा जाड असला तर ते कावीचे काम आहे. ओल्या फडक्याने पुसल्यावर तांबडे निघून आले तर तो वरून दिलेला गेरूचा हात आहे. त्याची दुरुस्ती सोपी.

कावीत रंग लावत नाहीत, खरवडून काढतात. शिंपले भाजून केलेला चुना विरवून बरेच दिवस पाण्याखाली मुरवतात, त्यात धुतलेली वाळू आणि गुळाचे पाणी घालून कुटतात आणि त्याचा गुळगुळीत पांढरा गिलावा भिंतीला देतात. त्यावर चुन्यात काव, म्हणजे तांबडी माती किंवा हुरमंजी, मिसळून दुसरा पातळ थर. तो ओलसर असतानाच कंपासने वर्तुळे आखून, लोखंडी कांट्याने नक्षीच्या बाहेरचे तांबडे खरवडायचे. खालचा पांढरा उघडा पडतो आणि त्यावर तांबडी नक्षी उरते. म्हणून एका दिवसात कोरून होईल तेवढ्याच भागावर तांबडा थर चढवतात. वाळल्यावर कांटा चालवला तर कड ढासळते. कांटाही सरळ उभा धरत नाहीत, किंचित तिरका धरतात, म्हणजे तांबड्या रेषेच्या पायाला जाडी राहते.

तांबडाच रंग का, असाही प्रश्न अनेकदा येतो. चुना फार तिखट असतो, झाडापानांचे रंग तो खाऊन टाकतो. जांभ्या दगडाच्या मातीतले लोह त्याला पुरून उरते. चुना हवेतला कर्बवायू घेऊन पुन्हा दगड होतो आणि लोहाचे कण त्यात कोंडले जातात. पायाखालच्या मातीत तांबडा आणि किनाऱ्यावरच्या शिंपल्यांत पांढरा मिळाला, तिथे तिसऱ्याची गरजच पडली नाही.

सिमेंट नको याचे कारण भिंतीत आहे. जांभ्याची भिंत पावसात जमिनीतली ओल वर ओढते आणि उन्हाळ्यात चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर टाकते. वर सिमेंट किंवा प्लास्टिक पेंट बसला की ओल आत कोंडते, क्षार पृष्ठभागाला येतात आणि दोन-तीन पावसांत पोपडे पडतात. सोबत शेजारची शाबूत नक्षीही घेऊन पडतात, हे जास्त वाईट. आधी ओल कुठून येते ते शोधा: छपराची गळकी पन्हळ, भिंतीला टेकलेली माती, अंगणातल्या पाण्याचा उलटा उतार. ते बंद करून एक उन्हाळा भिंत सुकू द्या. मग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याकडून फक्त झडलेला भाग भरा. चुना दाबून बसवताना कडा पाण्याने भिजवून घ्या, कोरड्या जुन्या गिलाव्यावर नवा धरत नाही. मिश्रण आणि कांटा आधी एखाद्या कौलावर चालवून पाहा. हातमोजे वापरा, डोळे सांभाळा. चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा.

प्रश्न: यंदा प्रथमच फ्लॅटमध्ये माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळाफुलांची लाकडी चौकट) बांधायची आहे. गेल्या वर्षी मामांकडे तिसऱ्या दिवशी दोन घड खाली आले. घरात तीन वर्षांचे मूल आहे. (मडगाव)

उत्तर: आधी वजन मोजा. न सोललेला नारळ साधारण एक ते दीड किलो, म्हणजे पाच नारळांची पेंड (घोस) सहा-सात किलो. केळ्यांचा घड आठ-दहा, सुपारीची पेंड दोन-तीन. काकडी, चिबूड, तोरंजन धरून पंचवीस-तीस किलो सहज होतात. इतके वजन फॉल्स सीलिंगला कधीच टांगू नका. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये चार कोपऱ्यांना विस्तार पावणारे हूक बसवून घ्या किंवा चार पायांवर उभी राहणारी लाकडी चौकट करून घ्या. जड वस्तू कोपऱ्यांकडे, हलक्या मध्ये. बरोबर देवाच्या डोक्यावर नारळ नको.

तिसऱ्या दिवशी का पडते? दोरी कुजते म्हणून नव्हे, देठ सुकून बारीक होतात म्हणून. हिरव्या देठाला बांधलेली गाठ तेव्हा घट्ट असते, दोन दिवसांनी तीच सैल होते. प्लास्टिकची सुतळी गुळगुळीत असल्याने त्यातून देठ सरळ निसटतो. केवणीच्या सालीचे ओले दोर वाळताना देठाबरोबर आवळतात, म्हणून ते पूर्वीपासून वापरतात. न मिळाल्यास काथ्या घ्या. देठ चार बोटे लांब ठेवा, गाठ पेऱ्याच्या किंवा फांदीच्या वर मारा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिडी लावून एकदा सगळ्या गाठी आवळा.

मुलाचे. फागलां, आंबाडे, माट्टीची पंखवाली फळे यांची भीती नाही. कवंडाळाचे लालभडक फळ, नागकुड्याची नारिंगी फळे, घागऱ्यांच्या शेंगा आणि कळलावीची फुले मात्र विषारी आहेत आणि दिसायला मुलांना ओढ लागेल अशीच. ती सर्वांत वरच्या दांड्याला, मुलाच्या हाताबाहेर बांधा आणि रोज सकाळी खाली गळलेले झाडून टाका. नागकुड्याचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका.

बाजारात मुळांसकट उपटलेला कळलावीचा वेल दिसला तर तो घेऊ नका. कंद गेला की पुढच्या वर्षी त्या जागी वेल नाही. सत्तरी, काणकोणकडच्या ज्या बायका पिढ्यानपिढ्या हे रान ओळखतात त्या फांदी मोडून आणतात, कंद जमिनीतच ठेवतात. दोन रुपये जास्त द्या, पण तो वाटा त्यांच्याकडून घ्या.

प्रश्न: नवे मातीचे कुंडले (रांधायचे भांडे) पहिल्याच हुमणाला, म्हणजे माशांच्या कालवणाला, तडकले. दोष कुणाचा? (डिचोली)

उत्तर: बहुधा गॅसचा. भाताच्या मळ्यातल्या मातीची, आव्यात भाजलेली भांडी सच्छिद्र असतात. भिंतीत पाणी शिरलेले असते, खाली एका बिंदूवर ज्वाला लागली की तिथे वाफ आणि बाजूला गार माती, आणि चीर पडते. चुलीवर आच पसरते, म्हणून ते चुलीत टिकते. नवे कुंडले चोवीस तास पाण्यात बुडवा, दोन दिवस सावलीत वाळवा. मग तांदळाची पातळ पेज तीन चतुर्थांश भरून मंद आचेवर अर्धा तास उकळा आणि तशीच गार होऊ द्या. पेजेतला स्टार्च छिद्रे भरतो. पुढे नेहमी बर्नरवर लोखंडी तवा ठेवून त्यावर कुंडले ठेवा. फ्रीजमधले नारळाचे दूध गरम कुंडल्यात ओतू नका आणि रिकामे कधीही तापवू नका. साबण नको, तो मातीत शिरतो आणि पुढच्या हुमणात उतरतो. राख आणि नारळाची किशी पुरे.

प्रश्न: बांबूच्या सुपातून पिवळट पीठ गळते.

उत्तर: ते बांबू पोखरणाऱ्या पोरकिड्याचे काम. बांबूत साखर-स्टार्च भरपूर असताना तोडला गेला आहे. पावसाळा संपल्यावर, थंडीत, तीन वर्षांपेक्षा जुना वेळू तोडतात आणि वाहत्या पाण्यात दोन-तीन आठवडे बुडवतात. साखर-स्टार्च बराचसा निघून जातो. कोंब नुकतेच फुटत असताना तोडलेल्याला कीड हमखास लागते. तुमचे सूप प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीझरमध्ये चार-पाच दिवस ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता एक दिवस थांबा, मग कडक उन्हात वाळवा. धान्याच्या सुपाला औषध फवारू नका.

प्रश्न: ‘अस्सल कुणबी साडी’ म्हणून घेतलेली साडी पॉवरलूमची निघाली अशी शंका आहे.

उत्तर: सुरुवातीच्या आणि शेवटच्या टोकाला दहा-दहा चौकड्या मोजपट्टीने मोजा. हातमागावर ठोक्याचा जोर बदलतो, म्हणून थोडा फरक पडतोच. अगदी मिलीमीटरपर्यंत सारखे आले तर शंका रास्त. काठाशी काही बोटांच्या अंतराने कापड ताणणाऱ्या काड्यांच्या टोचणीची बारीक छिद्रे दिसतात का तेही पाहा. चौकडी दोन्ही बाजूंनी सारखी ठळक हवी. एक बाजू फिकी असेल तर ती छापील आहे. पहिली धुलाई गार पाण्यात, वेगळी. मिठाने लाल रंग पक्का होत नाही, तो समज सोडून द्या.