पाळणाघराच्या खिडक्यांचा जुना रंग मुलं असताना खरवडला तर चालेल का?

नाही. मुलं शेजारच्या खोलीत असली तरीही नाही.

कारण जुन्या रंगात शिसं हा विषारी धातू असू शकतो. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी, लाल रंगात, शिसं असू शकतं, हे धरूनच चाला. वरून नवा हात मारलेला असला तरी खालचे थर जुनेच असतात. नुसत्या डोळ्यांना शिसं ओळखता येत नाही. शंका असेल तर पोपडा प्रयोगशाळेत तपासून घ्या.

खरा धोका पोपड्यांपेक्षा धुळीचा. रांगणारं मूल फरशीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. शिवाय मोठ्यांच्या चौपट-पाचपट शिसं त्याच्या अंगात शोषलं जातं.

काम सुट्टीत काढा. खेळणी, गाद्या आधी बाहेर न्या, जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरा, दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद करा. पृष्ठभाग पाण्याने भिजवूनच वॉटर पेपर (ओला वापरायचा घासकागद) मारायचा. कोरडं घासणं, ग्राइंडर, रंग जाळून काढायचा ब्लो टॉर्च पूर्ण बंद (कारागीर टॉर्चसाठी हटून बसतात, कारण काम पटकन होतं, पण त्याने शिशाचा धूर निघतो). शेवटी प्लास्टिक आतल्या बाजूला गुंडाळून पिशवीत बांधा. झाडू नको. साबणाच्या पाण्याने पुसा, फडकं आणि पाणी बदलून पुन्हा साध्या पाण्याने पुसा.

आधीच कोरडं खरवडून झालं असेल तर मुलांची रक्तातल्या शिशाची तपासणी करायची का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. लक्षणं दिसायची वाट पाहू नका, बहुतेकदा ती दिसतच नाहीत.