वाचकांचे प्रश्न, संगीताची उत्तरं

प्रश्न : आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. हुकूमशाहीने छळलेल्या युरोपीय संगीतकारांच्या रचना २६ आणि २७ जानेवारीला ऐकवायचं आमच्या वाचनालयाने ठरवलंय. पुण्याहून दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो असे चार वादक येतील. कोणत्या रचना घ्याव्यात? गावात पियानो नाही, की-बोर्ड चालेल का?

उत्तर : तारीख उत्तम निवडलीत. २७ जानेवारी १९४५ रोजी ऑश्विट्झची नाझी छळछावणी मुक्त झाली. शिवाय प्रजासत्ताक दिनामुळे शाळेचा हॉल झाडून-पुसून तयार असतो. दोन पूर्ण मैफली मात्र करू नका. २६ला शाळकरी मुलांसाठी पाऊण तासाची खुली तालीम घ्या, मैफल २७ला.

की-बोर्ड नको. पियानोच्या तारांची आस त्यात येत नाही आणि चेलोशेजारी तो पोकळ वाटतो. त्यामुळे वाईनबर्गचं पियानो क्विंटेट (पियानोसह पाच वाद्यांची रचना) आणि जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीत १९४१ साली प्रथम वाजलेली मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराची पियानोसह चौघांची रचना, दोन्ही बाजूला ठेवा. तारवाद्यांचंच भरपूर आहे.

सुरुवात प्रागच्या एर्विन शुलहॉफच्या चार तारवाद्यांसाठीच्या पाच तुकड्यांनी करा (१९२३, सुमारे १४ मिनिटं). व्हिएन्नाचा वॉल्ट्झ, सेरेनेड, चेक नाच, टँगो, टारांटेला. लय पहिल्या मिनिटालाच श्रोत्याला धरते. ज्यू आणि कम्युनिस्ट असलेला शुलहॉफ बव्हेरियातल्या व्युल्झबुर्गच्या नाझी कैदेत क्षयाने गेला, १८ ऑगस्ट १९४२ला. चिमूर-आष्टीच्या उठावानंतर दोनच दिवसांनी. एवढं सांगितलं की तुमच्या श्रोत्यांना तो काळ लगेच कळेल.

मग गिडिओन क्लाईनचं ट्रायो (तीन तारवाद्यांची रचना), सुमारे १३ मिनिटं. यात दुसरं व्हायोलिन नाही, त्या वादकाला विसावा मिळतो. चेक भूमीतल्या तेरेझिनच्या नाझी छावणीत त्याने ते ७ ऑक्टोबर १९४४ला पुरं केलं आणि १६ला त्याला ऑश्विट्झच्या गाडीत चढवलं. मधल्या भागात मोरावियातल्या एका लोकगीताची चाल निरनिराळ्या रूपांत फिरते. मूळ चाल आधी एकदा वाजवून दाखवायला सांगा. त्याच गाडीने व्हिक्टर उल्मानही गेला. त्याचं तिसरं क्वार्टेट, म्हणजे चार तारवाद्यांची रचना (१९४३, १४ मिनिटं), तिसऱ्या क्रमांकावर ठेवा. त्याची पहिली दोन क्वार्टेट हरवली आहेत. हे उरलं, कारण निघण्याआधी त्याने आपली हस्तलिखितं छावणीच्या ग्रंथालयाचं काम पाहणाऱ्या एमिल उटिट्झकडे ठेवली होती.

दहा मिनिटं चहा, आणि शेवटी सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचचं आठवं क्वार्टेट, २० मिनिटांचं.

फलकावर सगळ्यांना मिळून ‘शहीद’ लिहू नका. शोस्ताकोविचला मारलं नाही. १९३६ साली कम्युनिस्ट पक्षाच्या ‘प्रावदा’ दैनिकाने आणि १९४८ साली पक्षाच्या ठरावाने त्याला झोडपलं, आणि तो धाक सोसत तो १९७५पर्यंत जगला. कोणाला कोणत्या सत्तेने काय केलं, हे नावापुढे एकेका ओळीत द्या. सगळ्यांचं दुःख एकाच गाठोड्यात बांधलं की माणूसही हरवतो आणि अपराधीही.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाला हे संगीत कळेल का?

उत्तर : कळेल, पेटीवरच दाखवा. शोस्ताकोविचने आपल्या नावातल्या अक्षरांचे चार स्वर केले आणि आठवं क्वार्टेट त्यांवर उभं केलं. पांढरी एकला सा धरा : रे, कोमल ग, सा, मंद्र शुद्ध नी. कोमल ग आणि शुद्ध नी पटदीपातही भेटतात, म्हणून कानाला ही वळणं परकी नाहीत; पण राग शोधायला बसू नका, इथे हे चार स्वर म्हणजे माणसाची सही आहे. सुरुवातीला एकटा चेलो ते म्हणतो, मग बाकीचे एकेक करून उचलतात. पाचही भाग न थांबता जोडलेले आहेत, टाळी शेवटीच. चौथ्या भागात तीन-तीन जोरकस आघात येतात. पुष्कळांना त्यात रात्री दारावर पडलेली थाप ऐकू येते. हे आधी सांगावं की नाही? मी म्हणेन, नको. ऐकून झाल्यावर श्रोत्यांनाच विचारा.

पेटी आणि क्वार्टेट एकत्र वाजवू नका. हे वादक ज्या ४४० हर्ट्झच्या स्वराला वाद्यं जुळवतात, त्याला गावातली पेटी क्वचितच नेमकी असते.

प्रश्न : हॉलची तयारी काय करावी?

उत्तर : दीडशे श्रोत्यांपर्यंत माइक नको. पत्र्याचं छत असेल तर आवाज घुमतो, म्हणून मागच्या भिंतीला जाड पडदे किंवा सतरंज्या टांगा आणि श्रोत्यांना सतरंजीवरच बसवा. वादकांखाली मात्र सतरंजी नको, लाकडी फळ्यांचा मंच बरा. तीन बाय चार मीटर पुरतो. फरशी गुळगुळीत असेल तर चेलोचा खालचा टोकदार खिळा घसरतो, त्यासाठी फळी द्या. खुर्च्या चार, हात नसलेल्या आणि सपाट बैठकीच्या. प्लास्टिकच्या हातवाल्या खुर्चीवर कोपर अडतं, गज पुरा ओढता येत नाही.

पंखे बंद ठेवा, स्वरलिपीची पानं उडतात. तरी कपड्यांचे चिमटे जवळ असू द्या. वीज जाणार हे धरूनच चाला : प्रत्येक स्टँडला बॅटरीचा दिवा लावा. जनरेटर लागलाच तर इमारतीच्या पलीकडे ठेवा, त्याची घरघर हळुवार भाग गिळते.

जानेवारीत पहाटे १०-१२ अंश आणि दुपारी २८ हा फरक वाद्यांना जाचतो. कोरड्या हवेत लाकूड आकसून खुंट्या ढिल्या पडतात, ऊन वाढलं की तारा उतरतात. वाद्यं उन्हात उभ्या गाडीत मुळीच ठेवू नका. सांधे सरसाने जोडलेले असतात, ते उकलतात. मैफलीच्या दोन तास आधी वाद्यं त्यांच्या खोक्यांसह हॉलमध्ये आणा, शेवटचं स्वर जुळवणं श्रोते बसल्यावर होऊ द्या, कारण माणसांनी हॉल तापतो. वेळ देवळाच्या आरतीनंतरची घ्या. त्या रात्री गावात वरात आहे का, हे आठवडाभर आधी पोलीस पाटलांना विचारून ठेवा.

प्रश्न : परवाना लागेल का?

उत्तर : भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. शुलहॉफ मोकळा आहे. उल्मान आणि क्लाईन यांच्या या रचना मात्र त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाल्या, म्हणून त्यांच्याबद्दल प्रकाशकाला विचारून घ्या. शोस्ताकोविचचा हक्क २०३५च्या अखेरपर्यंत आहे, त्याचा परवाना घ्या. हौशी मंडळाने फुकट श्रोत्यांपुढे वाजवलं तर कायद्यात सूट आहे, पण मानधन घेणाऱ्या वादकांसाठी तिच्यावर विसंबू नका.