आजोबांनी मुंबई ऐकली ती कशावर?

जुनं यंत्र, जुने कान: वाचक विचारतात आणि रेडिओ दुरुस्तीत हयात घालवलेला एक नाशिककर आठवेल तसं सांगतो.

प्रश्न : तिवंध्यातला आमचा वाडा पाडायला देण्याआधी माळा रिकामा केला, तेव्हा एक सागवानी पेटी मिळाली. आत पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर गुंडाळलेली तार, काचेच्या नळीत चकचकीत खडा, त्याला टेकलेली केसासारखी बारीक तार आणि कानाला लावायचं यंत्र. झाकणाच्या आतून आजोबांची सही आणि '१९२९'. आजोबा सांगायचे, आमच्या ओसरीवर पंधरा-वीस माणसं जमून मुंबईचं गाणं ऐकायची. ती याच पेटीवर का? आजोबा वकिलीच्या शिक्षणासाठी दोन वर्षं मुंबईत होते. पेटी आता चालेल का? (एक निवृत्त शिक्षिका, नाशिक)

उत्तर : ताई, आजोबांनी थाप मारलेली नाही आणि पेटीही अस्सल आहे. पण ती पेटी आणि ती ओसरी यांची गाठ पडलेली नसावी.

तुमच्याकडे आहे तो क्रिस्टल सेट. खडा गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या खनिजाचा. त्या बारीक तारेला साहेब मांजराची मिशी म्हणायचा. ती मिशी खड्यावर टोचत टोचत आवाज येणारी जागा शोधायची, आणि सापडली की श्वास रोखून बसायचं, कारण कुणी शेजारून धप् धप् चालत गेलं तरी मिशी सरकते. या सेटला वीज लागत नाही, बॅटरीही नाही. हवेतून एरियलच्या तारेत जेवढं उतरेल तेवढ्यावरच कानातला पडदा हलतो. म्हणून केंद्र जवळ लागतं.

मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. चालवायला खाजगी कंपनी होती, आणि प्रक्षेपकाची ताकद होती दीड किलोवॅट. तुमच्या न्हाणीघरातला गीझर याहून जास्त ओढतो! दिवसा तो आवाज नीट पोचायचा तो पन्नासेक किलोमीटरपर्यंत. नाशिक सरळ रेषेत धरलं तरी दीडशेच्या आसपास, आणि मधे सह्याद्री आडवा. तिवंध्यात बसून खड्यावर मुंबई ऐकली असं कुणी शपथेवर सांगितलं तरी मी मान हलवेन आणि चहा मागवेन. तेव्हा माझा तर्क असा, की आजोबांनी पेटी मुंबईत शिकत असताना जमवली, तिथेच ऐकली, आणि परीक्षा झाल्यावर ट्रंकेत घालून घरी आणली. इथे ती मुकी झाली म्हणून माळ्यावर गेली.

दुसरा पुरावा तुमच्याच पत्रात आहे. पंधरा-वीस माणसं! खड्यावर एका वेळी एकच माणूस ऐकतो. फार तर हेडफोन पितळी परातीत ठेवायचा, परात गुणगुणायला लागते, मग दोघं-तिघं तिच्यावर डोकी टेकवून ऐकू शकतात. वडिलांनी मला हे करून दाखवलं होतं आणि आईनं परात हिसकावून नेली होती, कारण तिला कणीक मळायची होती. पण अख्खी ओसरी त्यात भागत नाही. तुमच्या ओसरीवर वाजत होता तो व्हॉल्व्हचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या तापत्या काचेच्या नळ्यांचा सेट, आणि त्याला जोडलेला कर्णा.

त्या संध्याकाळींबद्दल मी जे सांगतो ते वडिलांचं आहे. माझा जन्म १९४१ चा. वडील पंधरा-सोळा वर्षांचे असताना भद्रकालीकडच्या एका पिठाच्या गिरणीत कामाला होते. गिरणीच्या इंजिनावर मालकानं डायनॅमो बसवला होता, आणि दळण नसेल तेव्हा त्यावर लोकांच्या बॅटऱ्या चार्ज व्हायच्या. गावात सेट होते बोटांवर मोजण्याइतके: दोन वकील, एक डॉक्टर, एक पेढीवाले. त्यांच्या बॅटऱ्या घरून आणायच्या, भरायच्या आणि दिवेलागणीच्या आत पोचवायच्या, हे वडिलांचं काम. दोन व्होल्टची, काचेच्या भांड्याची, वर तारेची कडी असलेली बॅटरी. ती दोन्ही हातांत दोन धरून, न हिंदकळवता, फरसबंदी बोळातून चालायचं. कितीही जपलं तरी तेजाबाचा थेंब उडायचाच. उडतो तेव्हा काही दिसत नाही, पण धोतर धुतलं की तिथे भोक. आजी म्हणायची, ह्याचं धोतर वाळत घातलं की मला त्यातून काळारामाचा कळस दिसतो.

या बॅटरीवर फक्त व्हॉल्व्हची तार तापायची. आवाजासाठी वेगळी, ९० किंवा १२० व्होल्टची कोरडी बॅटरी लागायची. ती परत भरता येत नसे, संपली की फेकायची आणि मुंबईहून नवी मागवायची. त्यामुळे रेडिओ असलेला माणूस रेडिओ बंद करण्यातच तरबेज असायचा. गाणं संपून निवेदन सुरू झालं की वकीलसाहेबांचा हात बटणाकडे गेलाच.

अंधार पडेपर्यंत सेट लावण्यात अर्थ नव्हता. दिवसा सूर्याच्या उन्हानं वातावरणात उंचावर एक थर तयार होतो, तो मध्यम लहरी, म्हणजे मुंबईचा आवाज ज्यांवरून यायचा त्या रेडिओलहरी, पिऊन टाकतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, आणि त्याच्याही वरच्या थरावर आपटून लहरी दूर खाली उतरतात. घाटाच्या वरून उडी मारून येतात म्हणा ना. गोदेवरची आरती आटपून माणसं ओसरीवर जमायची ती म्हणूनच. वेळ भाविकपणाची वाटते, कारण भौतिकशास्त्राचं होतं.

मग सुरू व्हायचा खरा कार्यक्रम: केंद्र शोधणं. वडील म्हणायचे, तासाभरातली पंधरा-वीस मिनिटं त्यातच जायची आणि कुणाची तक्रार नसायची. उलट जाणकार मंडळी याच भागाला लवकर येऊन बसायची. दोन-तीन बटणं एकमेकांच्या अंदाजानं फिरवायची, आणि एक बटण 'रिॲक्शन'चं. ते वाढवलं की क्षीण आवाज फुगतो, पण केसभर जास्त झालं की सेट शीळ घालतो. नुसती शीळ नाही, कोल्हेकुई! आणि गंमत अशी, की शीळ घालणारा सेट स्वतःच छोटं प्रक्षेपण करायला लागतो, ते एरियलवरून शेजारच्याच्या सेटमध्ये शिरतं. त्या दोन वकिलांचे वाडे एकाच आळीत. एकानं बटण जास्त पिळलं की दुसऱ्याच्या ओसरीवर कोल्हा ओरडायचा. मग तिकडून गडी कंदील घेऊन यायचा: "साहेबांनी सांगितलंय, जरा कमी करा." हे म्हणायचे, "त्यांनाच सांग कमी करायला, शीळ त्यांची आहे." एकदा म्हणे दोघं कोर्टात एकमेकांसमोर उभे होते, आणि दुपारच्या सुट्टीत वाद अशिलाचा नव्हता, रिॲक्शनचा होता.

केंद्र लागलं की कर्ण्यातून आधी खरखर, मग तंबोऱ्यासारखं काहीतरी, मग एकदम बाई गायला लागायची. हिंदुस्थानी गाणं असायचं, साहेबलोकांसाठी त्यांचं संगीत असायचं. त्या वेळी आमच्या वडिलांना राग कळत नव्हता, पण आवाज कसा यायचा ते त्यांनी हाताने दाखवलं होतं. हात वर जायचा, खाली यायचा. फेडिंग! वरच्या थरावरून येणारा आवाज स्थिर राहत नाही, भरती-ओहोटी चालू असते. गवई समेवर यायचा आणि नेमका तेव्हा आवाज कसाऱ्याच्या पलीकडे उतरायचा. ओसरीवरची मंडळी मात्र मनातल्या मनात सम गाठून माना डोलवायची, आणि आवाज परत येईपर्यंत पुढचं आवर्तन सुरू झालेलं असायचं. वळवाच्या दिवसांत तर विजेच्या कडकडाटाखेरीज काही नाही. दिवाळी ते संक्रांत, नाशिकच्या कडाक्याच्या थंडीत, सगळ्यात स्वच्छ. पंधरा-वीस माणसं घोंगड्या पांघरून बसली होती असं आजोबा कधी म्हणाले असतील तर ते अगदी पटतं.

यात पैशाची बाजू फार कुणी सांगत नाही. तेव्हा रेडिओ ऐकायला लायसन्स लागायचं, वर्षाला १० रुपये. वडिलांना गिरणीत महिन्याला ८ मिळत. ज्यांना परवडत होतं त्यातलेही कित्येक तार टांगून विनापरवाना ऐकत. कंपनीचं भागेना, १ मार्च १९३० ला ती गुंडाळली, आणि १ एप्रिलपासून सरकारनं कारभार हाती घेतला. नाशिकला खरा दिलासा मिळाला तो १९३८ मध्ये, मुंबईहून लांबवर पोचणाऱ्या लघुलहरींवर प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा.

आता पेटीचं. खड्याला बोट लावू नका, बोटाचं तेल बसलं की तो बहिरा होतो. लावलं असेल तर कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट फिरवा. तारेवरचं सुती वेष्टण खरवडून 'चकाचक' करू नका, तिथेच सेट मरतो. हेडफोन पाडू नका, आतलं लोहचुंबक धक्क्यानं दुबळं होतं. वाजायला लांब एरियल, चांगली 'अर्थ' (जमिनीशी जोडणारी तार) आणि जवळपास मध्यम लहरींचं दणकट केंद्र हवं. त्याची खात्री मी देत नाही.

प्रश्न : आमच्या एकांकिकेत १९३० सालचा नाशिकचा वाडा आहे. पडदा उघडताना रेडिओवर आकाशवाणीची ती प्रसिद्ध धून आणि "हे आकाशवाणीचं मुंबई केंद्र आहे" असं वाजवायचं आहे. चालेल ना? (महाविद्यालयीन नाट्यगट, नाशिक)

उत्तर : दोन्ही चालणार नाही, मुलांनो. 'आकाशवाणी' हे नाव आधी १९३५ मध्ये म्हैसूरच्या खाजगी केंद्रानं घेतलं. सरकारी सेवा ८ जून १९३६ ला 'ऑल इंडिया रेडिओ' झाली, आणि तिला 'आकाशवाणी' म्हणू लागले ते स्वातंत्र्यानंतर, पन्नाशीच्या दशकात. ती धून बांधली वॉल्टर कॉफमन यांनी, आणि ते मुंबईत आले १९३४ मध्ये. तुमच्या वाड्यात लोक 'रेडिओ' किंवा 'बिनतारी' म्हणतील. पडदा उघडताना अंधारात शीळ वाजवा. प्रेक्षक खुर्चीत चुळबुळले की मग गाणं.

प्रश्न : जुन्या बाजारातून व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ घेतला. विक्रेता म्हणतो, लावा आणि ऐका. लावू का? (एक वाचक, सिडको)

उत्तर : लावू नका. वर्षानुवर्षं पडलेल्या सेटमधले कागदी कंडेन्सर गळके झालेले असतात, सरळ वीज दिली की धूर. आधी ते बदलून घ्या, मग सिरीजला साठ वॅटचा पिवळा बल्ब लावून सेट चालू करा. बल्ब भगभगून पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. आणि एसी-डीसी सेट असेल तर मागचं झाकण उघडून पत्र्याला हात लावू नका, त्यात थेट मेन्स खेळते. विक्रेत्याला तुमच्या घरच्या फ्यूजचं काय पडलंय?

प्रश्न : पंचवटीतल्या आमच्या जुन्या घराचं अंगण खणताना तुळशीवृंदावनाखाली दीड-दोन फुटांवर तांब्याचा चौकोनी पत्रा निघाला, त्याला जाड तार डाखलेली. मजूर म्हणाले, यंत्र आहे, खाली धन असणार. त्यांनी आणखी चार फूट खणलं, काही नाही. कुणी करणीचं बोलतंय. काय असेल? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : भाऊ, खड्डा बुजवा. ती रेडिओची अर्थ आहे. तांब्याचा पत्रा ओल्या जमिनीत पुरून त्याची तार सेटला जोडत. जमीन कोरडी पडली की आवाज बारीक. आता अख्ख्या घरात रोज न चुकता पाणी कुठे पडतं? तुळशीला! आमच्या वडिलांनी असे तीन पत्रे वृंदावनाखाली पुरले होते, त्यातला एक घरातल्या आजीबाईंची समजूत काढून, की बाई, तुम्ही पाणी घातलंत की मुंबईत गाणं सुरू होतं. त्या बाई पुढे वैशाखात संध्याकाळीसुद्धा एक तांब्या जास्त घालायच्या आणि आत ओरडून विचारायच्या, "आलं का रे?"

पत्रा मोडीत घालू नका. आणि भिंत अजून उभी असेल तर वृंदावनाच्या समोरच्या खिडकीची चौकट बघा. खालच्या कोपऱ्यात करंगळीएवढं भोक असेल, कदाचित त्यात चिनी मातीची नळी. तार तिथून आत जायची. सापडलं तर कळवा, म्हणजे सेट कुठल्या खोलीत होता तेही सांगता येईल.