वस्तीतलं शौचालय दोन वर्षांत बंद पडलं. नवीन मंजूर करून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की पालिकेने बांधलेला सार्वजनिक संडासांचा ब्लॉक बंद पडलाय आणि नगरसेवक नवा आणून देतो म्हणतायत. घाई करू नका. आधी जुना कशाने बंद पडला ते बघा.

मी पुण्यातल्या वस्त्यांत हेच काम करतो. भांडी फुटली म्हणून बंद पडलेला संडास क्वचितच दिसतो. पाण्याची मोटर जळते आणि ती दुरुस्त कोणी करून द्यायची हेच ठरलेलं नसतं. लाइटबिल थकतं, मीटर जातो. अंधार झाला की बायका फिरकत नाहीत, मग तिथे पिणारे बसतात आणि आठवड्याभरात कड्या, नळ गायब. उद्घाटनाच्या पाटीवर सगळ्यांची नावं असतात, किल्ली कोणाकडे ते मात्र कोणाला माहीत नसतं!

पुण्यात 1999 च्या सुमारास, रत्नाकर गायकवाड आयुक्त असताना, पालिकेने असे शेकडो ब्लॉक संस्थांमार्फत बांधले. त्यात स्पार्क ही संस्था आणि महिला मिलन हे वस्तीतल्या बायकांचे गट होते. बांधकामाचा पैसा, पाणी, वीज, ड्रेनेज पालिकेचं. चालवणं संस्था आणि वस्तीकडे. कुटुंबाला महिन्याचा पास, केअरटेकरला तिथेच खोली. आराखड्यात बायकांचं ऐकलं गेलं. दारं दोन्ही बाजूंना उघडणारी, म्हणजे हातात बादली असताना घाणेरड्या दाराला अंग लागत नाही. पोरांना वेगळी छोटी भांडी, कारण मोठ्यांच्या रांगेत त्यांना कायम मागे ढकललं जातं. सगळेच ब्लॉक नीट चालले असं नाही, पण जिथे पास गोळा करणारं आणि हिशेब विचारणारं कोणी होतं तिथे फरक दिसला.

माझं मत विचाराल तर, गल्लीत ड्रेनेज लाइन येऊ शकत असेल तर घरोघरी संडासच मागा. शेल्टर असोसिएट्स ही संस्था साहित्य दारात आणून देते, मजुरी कुटुंब भरतं. दहा बाय दहाच्या खोलीतही मोरीच्या जागेत बसतो. रात्री दोनला जुलाब झालेल्या म्हातारीला कोपऱ्यावरचा ब्लॉक कितीही चकाचक असला तरी काय उपयोग?

लाइन नसेल तर ब्लॉकच घ्या, पण स्वच्छ भारतचं प्रमाण धरून: 25 बायकांमागे एक सीट, 35 पुरुषांमागे एक. आणि कामाच्या आदेशात पाण्याचं कनेक्शन, वीजबिल कोणाचं, सेप्टिक टाकी मशिनने कोण उपसणार, हे लिहून घ्या. क्षेत्रीय कार्यालयात तोंडी 'होऊन जाईल' म्हणतात, ते धरू नका.