जुन्या पिकअपचं पेट्रोल इंजिन प्रोपेनवर घेताना

आधी इंजिन बघा, मग किट. डिझेल ट्रक असेल तर हा नाद सोडा. त्याला स्पार्क प्लगच नसतो. अमेरिकेतल्या जुन्या कार्ब्युरेटरवाल्या व्ही-8 पिकअपला मात्र टाकी, फिल्टर-लॉकऑफ (इंजिन बंद असताना गॅस अडवणारा फिल्टरसह व्हॉल्व्ह), कन्व्हर्टर (द्रव प्रोपेनचा गॅस करणारा) आणि मिक्सर (तो गॅस हवेत मिसळणारा) एवढं पुरतं. 5.7 लिटरच्या इंजिनाला इम्पको 425 मिक्सर आणि मॉडेल ई कन्व्हर्टर ही जुनी, भरवशाची जोडी.

सगळ्यात जास्त चुका कन्व्हर्टरला इंजिनाचं गरम पाणी, म्हणजे कूलंट, जोडताना होतात. द्रव प्रोपेनचा गॅस होताना उष्णता शोषली जाते. गरम कूलंट फिरलं नाही तर कन्व्हर्टरवर बर्फ चढतो आणि गाडी बंद पडते. कन्व्हर्टर रेडिएटरच्या वरच्या पातळीखाली बसवा, नाहीतर हवा अडकते. कन्व्हर्टरच्या नळीसाठी टी-जोड हीटरच्या व्हॉल्व्हआधी बसवा आणि परतीची नळी वेगळी जोडा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद केला तरी प्रवाह थांबत नाही.

प्रोपेन पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगचा गॅप 0.9 मिमीच्या आसपास ठेवा, जुन्या वायरी बदला. बॅकफायरचं (मिश्रण चुकीच्या वेळी इनटेकमध्येच पेटण्याचं) मूळ बहुतेक वेळा तिथे, नाहीतर पातळ, म्हणजे गॅस कमी पडलेल्या मिश्रणात सापडतं. मिश्रण कानाने लावायची हौस नको, धूर तपासणारा एक्झॉस्ट अ‍ॅनालायझर घ्या.

टाकी वाहनाचीच हवी, द्रव काढणारी. बार्बेक्यूचा सिलिंडर वरचा गॅस देतो, तो इथे चालत नाही. 80 टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका. प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासा. गळालेला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून खड्डा असलेलं गॅरेज टाळा. आणि लिटरमागे अंतर साधारण पाव भागाने घटेल, तेवढी मोठी टाकी आधीच ठरवा.